हळदीला गेलेली बॅटरी

भूकंप भिवंडीला आला तो फक्त तोंड दाखवायला. टेलिफोन एक्स्चेंजमधले चहाचे कप बशीत थरथरले, बस. पुढे चौकात लोकांनी त्याची अशी काही वर्णनं केली, की मीही माझी खुर्ची हातभर उडाल्याचं सांगू लागलो, आणि आता ती खरंच उडाली होती. पण वीज गेली. कापड विणणारे सगळे लूम एकदम थांबले. शहरातल्या नवरा-बायकांना कित्येक वर्षांनी एकमेकांचं बोलणं ऐकू आलं. त्यातून जी भांडणं झाली, तीही भूकंपाच्याच खात्यात गेली.

एक्स्चेंज बॅटऱ्यांवर चालू होतं आणि बॅटऱ्यांची खोली माझ्याकडे. ज्याच्याकडे फोन तो दुसऱ्याला विचारत होता, "आपके यहाँ भी हिला क्या?" आणि व्होल्टमीटरचा काटा खाली सरकत होता.

परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावरच्या ताईंचा लेक कोयनेकडे, जिथं भूकंप खरा झाला तिथं, आजीपाशी होता. गावच्या पोस्टात त्यांनी कॉल लावला होता, पण लाइन मिळत नव्हती.

"मिस्त्री, टिकेल ना?"

"सकाळपर्यंत, ताई," मी म्हणे, आणि पळत जाऊन काटा बघे.

जनरेटर लावायला गेलो, तर तो सुरू करायची बॅटरीच जागेवर नाही.

"हळदीला गेलीय," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. शिपायाच्या पुतणीची हळद शेजारच्या शेलार गावात. लाउडस्पीकरसाठी साहेबांनीच बॅटरी धाडली होती.

सायकल अशी हाणली, की मागचा ट्रक हॉर्न द्यायचा विसरला. मांडवात अर्धं गाव नाचत होतं.

"बॅटरी द्या, एक्स्चेंज बंद पडतंय."

"आन हलद बंद पडली तं?" नवरीचा मामा म्हणाला. "भूकंपाला थांबलो न्हाय, तुला कशाला थांबू?"

मी ताईंच्या पोराचं सांगितलं. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणीनं उठून स्वतःच वायर उपटली.

"ने रं. माझ्या गल्याला बॅटरी लागत न्हाय."

परतलो तेव्हा बोर्डावरचे दिवे मिणमिणत होते. ताई एकेकाचा कॉल तोडत होत्या, "हो शेठ, हिला. आता ठेवा." जनरेटर खोकला, धुरानं अर्धी भिवंडी काळी केली आणि चालू झाला.

बऱ्याच वेळानं लाइन मिळाली. पोस्टमास्तरांनी पोराला बोलावून आणलं. आम्ही सगळे ताईंच्या तोंडाकडे बघत उभे.

"जेवलास का?" ताईंनी विचारलं.

पलीकडून काय आलं कोण जाणे. ताई डोळे पुसत रागावल्या, "वांगं असलं तरी खायचं."