पुस्तकातल्या म्हातारीसाठी फोडलेला हंबरडा

कादंबरीत कोणी नुसतं उपाशी झोपलं तरी माझ्या घशाखाली घास उतरत नाही. कोणी मेलं तर विचारूच नका! सासऱ्यांना, म्हणजे आमच्या मामांना, हे अजिबात खपायचं नाही. "पुस्तकातल्या लोकांचा लई पुळका तुला," मामा म्हणायचे. "हितं मी खोकून खोकून मरायलोय, तर एक टिपूस नाय."

आता औषधं मी द्यायची, मऊ भात मी करायचा, वर रडायचंही मीच? डोकंच फिरायचं माझं. पण त्यांना ते खरंच लागलेलं होतं, आणि मला ते कळत होतं.

त्या दुपारी गुलमंडीच्या बाजारातून आणलेली कादंबरी संपत आली होती. मुलाची वाट बघत म्हातारीनं उंबऱ्यातच जीव सोडला आणि मी जो हंबरडा फोडला! मामा तापानं अंथरुणाला खिळलेत, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. शेजारच्या वहिनींनी ओळखलं काय ते. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडली. पैठणला माझी नणंद रडत एसटीत बसली. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून तासाभरात वहिनी पिठलं-भाकरी घेऊन दारात.

"कधी गेले हो?"

"कोण?" मी नाक पुसत विचारलं, तोवर मामाच काठी टेकत बाहेर आले. वहिनींचा चेहरा बघण्यासारखा झाला. "तुम्हीच की" असं तोंडावर कसं म्हणणार बिचारी!

शेवटी मीच सगळं सांगितलं. मामांनी आधी लेकीला फोन लावला. "मीच बोलायलोय. जित्ता हाय. बिडकीनला उतर अन् माघारी जा." मग ते पिठलं ओढून जेवायला बसले.

वहिनी गेल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाले, "न पाहिलेल्या म्हातारीसाठी एवढं रडलीस. माझ्यासाठी रडशील का गं?"

काहीतरी फटकारून बोलणार होते मी. पण शब्दांऐवजी रडूच फुटलं. पुस्तक नाही, काही नाही, नाक गळेपर्यंत रडले. मामा भाकरी हातात धरून बघत राहिले. इतका खूश माणूस मी त्या घरात पाहिला नव्हता.

"बास, बास," ते म्हणाले. "थोडं ठेव. मी गेल्यावर लागंल."