हिरवं केलेलं गडचांदूर

सिमेंट कारखान्याच्या धुळीनं राखाडी झालेला कडुलिंब... गडचांदूरच्या आमच्या गल्लीत पानांचा रंग तोच होता, आणि पाऊस उघडला की झाडं पुन्हा मुकाट्यानं त्याच रंगाची होत. अब्बा झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे. घरात कायम खळीचा, डिंकाचा आणि ओल्या कापडाचा वास असे.

मी सातवीत असताना शाळेत संगणक आला आणि सरांनी छोटी कार्टून फिल्म करायचं काढलं — पाण्याच्या शोधात जंगलातलं हरीण गावात येतं. हरीण पुठ्ठ्याचं, ते तसूतसूनं सरकवत फोटो काढायचे. मागचा देखावा माझ्याकडे आला, कारण मी पेंटरची पोर. पण जंगल संपून गाव लागलं, हे दाखवायचं कसं? मी एका लांबलचक कागदावर आधी धानोऱ्याकडचं, नानीच्या गावचं साग-मोहाचं गर्द रान रंगवलं, आणि मग पानांवर हळूहळू धूळ चढवत नेली... कागद सरकत जाईल तसा हिरवा विझत जाईल, आणि पानं पुरती राखाडी झाली की गाव आलं! अख्खी उन्हाळी सुट्टी त्या धुळीत गेली. अब्बांना त्यातलं काहीच दाखवलं नाही. त्यांनी ते थेट पडद्यावर बघावं, एवढी एकच हौस होती मला.

सरांनी गुंडाळी वर्गासमोर उलगडली. "काऊन वं शबाना, पानं हिरवी राह्यतात एवढंबी मालूम नाई का तुले?"

"सर, आपल्या इथी अशीच..."

वर्ग खदखदून हसला. खिडकीबाहेरचं झाड राखाडीच होतं. तिकडे एकानंही मान वळवली नाही. मग सरांनी हिरव्या रंगाची बाटली माझ्याच हातात दिली आणि सगळ्यांदेखत शेवटच्या पानापर्यंत रंगवायला लावलं. मला रडू फुटलं तर म्हणाले, "रंगात पानी नोको टाकू, डोळ्यातलं पुरते."

स्नेहसंमेलनात अब्बा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत बसले होते. पडद्यावर हरीण चालत राहिलं, चालतच राहिलं... गाव काही येईना. शेवटी सरांनी चिकटवलेली 'गाव' अशी पाटी आली आणि टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठ्या अब्बांच्या.

"बेटा, पत्ती न् पत्ती जिवंत केली तुनं!" त्यांचे डोळे भरून आले होते.

अब्बा आता नाहीत. जाईपर्यंत ते घरी येईल त्याला त्या हिरव्या झाडांचं कौतुक सांगत, आणि मी चहाचा ट्रे धरून तिथंच उभी असे. त्या हिरव्याखाली माझी झाडं होती, हे त्यांना सांगायचं माझ्यानं कधीच झालं नाही.