खाडीतला किल्ला आणि बाबा
खारबावजवळच्या खाडीत आमचं बेट आहे. बेट कसलं, बशीएवढं. खाडीतून जाणाऱ्या गलबतांवर नजर ठेवायला पोर्तुगीजांनी तिथं किल्ला बांधला. पुढे तो मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांनी, आणि कुणालाच नकोसा झाल्यावर आमच्या वाट्याला आला. त्याचे दगड आमच्या घरांच्या जोत्यांत गेले. एक बुरूज तेवढा उरला, त्यावर बाया मासळी वाळवायच्या.

भिवंडीत कापड विणणारे लूम वाढले, काल्हेरला गोदामं आली, तसं एकेक घर होडीत सामान घालून पलीकडे गेलं. मीही भिवंडीत शिक्षिका झाले आणि खोली घेतली. आई आधीच वारली होती. नव्वदच्या सुमारास अख्ख्या बेटावर बाबा एकटेच उरले.

मी दर रविवारी जायचे. माझ्याकडे चला म्हटलं की म्हणायचे, "किल्ल्याला मानूस पायजे." मला राग यायचा. सरकार ज्याच्याकडे ढुंकून बघत नव्हतं, त्या किल्ल्याचे हे किल्लेदार. मी तसं तोंडावर म्हणायचे आणि ते नुसते हसायचे.

एका पावसाळ्यात ते चिखलात पडले. मी गेले तेव्हा पाय सुजून टम्म, आणि घरात चूल पेटलेली नाही. मग मात्र मी हट्टाला पेटले आणि त्यांना घेऊनच आले.

धाकधूक एकच होती. माझ्या खोलीची भिंत लूमच्या कारखान्याला लागून. रात्रंदिवस खडखडाट, फळीवरची भांडीसुद्धा थरथरायची. सुरुवातीला मला तिथं झोप म्हणून लागत नव्हती. खाडीच्या शांततेत जन्म काढलेला माणूस आठवडाभरात पळ काढणार, हे मी धरूनच चालले होते. पण बाबा जेवले, त्याच भिंतीला पाठ लावून आडवे झाले आणि गाढ झोपले. रोज तसंच.

मग शुक्रवार आला. त्या दिवशी लूम बंद. आज बाबांना खरा आराम, असं म्हणत मी शाळेतून आले, तर ते पायरीवर बसलेले. अंगात सदरा, काखेत पिशवी.

"आज सगली गेली का गो?"

"कोण?"

"ही भिंतीपलीकडची. सकालपासून आवाज न्हाय."

"सुट्टी आहे त्यांना, बाबा. उद्या येतील."

"किल्ल्यावरची बी येतो सांगूनच गेलती."

तेव्हा मला कळलं. ते किल्ला राखत नव्हते. कुणी परत आलंच तर बेटावर माणूस दिसावा, म्हणून इतकी वर्षं थांबले होते. मी पिशवी काढून घेतली आणि शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाले, तेव्हा कुठे त्यांनी सदरा काढला.

पुढे बाबा माझ्याकडेच वारले. मी त्याच खोलीत राहिले. इतर दिवस खडखडाटात निभून जायचे. शुक्रवारी मात्र घर खायला उठायचं.