बोटभर राहिलेली ओळ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोपरगावला, माझ्या स्वयंपाकघरात होते. भाची एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली." मी गॅस बंद केला. आधी रडू आलं नाही, राग आला. महिना उलटून गेला तरी तो उतरलेला नाही.

रूथताई माझी थोरली बहीण. नगरजवळ नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला उभं राहून तिने जन्म काढला, पण रविवारी चर्चला अशी ताठ जायची की पाळकीणबाईसुद्धा वळून बघायच्या. तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन लवकर करा, असं डॉक्टरांनी बजावलं. ताईने मान डोलावली, आणि घरी येऊन माळ्यावरून आईची जुनी हँडबॅग काढली. काळ्या रेक्झिनचे पोपडे सुटले होते. म्हणाली, "ही नीट करते, मग हिच्यातच कागदं घालून दवाखान्यात जाऊ. असली टवकं उडालेली घेऊन कुठं जायाचं?"

आम्हाला ते बरंच वाटलं. तेवढाच जिवाला विरंगुळा. जुन्या लग्नपत्रिकांचे सोनेरी बुट्ट्यांचे कागद कापून तिने बॅगेवर चिकटवले, वरून व्हार्निशचा हात दिला. झाकणाला मखमलीची पट्टी लावून तिच्यावर लाल काचमण्यांच्या ओळी शिवायला घेतल्या. फोन केला की उत्तर ठरलेलं. "झालंच हाय, दोन-चार ओळी ऱ्हायल्यात." दसरा गेला, नाताळ गेला, ओळी तेवढ्याच. मारुतीच्या शेपटासारखं ते काम लांबत चाललं होतं, आणि गाठ काही कुणासाठी थांबत नव्हती.

मी नगरला तिच्याकडे राहायला गेले तेव्हा कळलं. दुपारी मला झोप लागली असं समजून ती खिडकीशी बसली आणि आदल्या दिवशी शिवलेली ओळ कात्रीने उसवू लागली. मणी एकेक करून वाटीत टाकत होती. मी उठून बसले.

"ताई, काय चाललंय हे?"

तिने वर पाहिलं नाही. "आई हीच बॅग घेऊन गेल्ती दवाखान्यात. बॅग तेवढी परत आली..." मग आणखी एक मणी वाटीत टाकून, "मला लई भ्या वाटतं गं."

मी भांडले, पाया पडले, पाळकांना बोलावून प्रार्थना करवली. ताई सगळ्यांना हो म्हणायची. शेवटी श्वास लागला तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. आता कापून उपयोग नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या गडबडीत बॅग घरीच राहिली.

परवा भाचीने ती मला आणून दिली, उरलेले मणी पुडीत बांधून. शेवटच्या ओळीत बोटभर जागा रिकामी होती. सुई तिथेच टोचलेली, दोरा ओवलेला... मी चहा केला, कप शेजारी ठेवला आणि चष्मा लावून बसले. मणी बसवत गेले, गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

मग कप उचलला. चहा अजून गरम होता.