बसलेला घसा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून तर मी खिशातली शेंगदाण्यांची पुडीसुद्धा लपवू शकत नाही.

आमचं कॉलेज लहान, पण व्याख्यानमाला मोठी. गणपती झाले की तीन संध्याकाळी सगळा गाव हॉलमध्ये. एक दिवस कला, एक साहित्य, एक विज्ञान. मी मराठीचा प्राध्यापक. साहित्याचा दिवस वर्षानुवर्षं माझाच. माझं बोलणं लोकांना आवडायचं — म्हणजे, आवडतं असं मी धरून चाललो होतो. त्या वर्षी पहिल्या दिवशी पुण्याहून एक चित्रकार आले आणि त्यांनी बोलून हॉल असा काही रंगवला, की मी मागच्या खुर्चीत गारठलो. उद्या यांच्यानंतर मी? तीच जुनी टिपणं घेऊन?

दुसऱ्या दिवशी गळ्याला मफलर गुंडाळून कॉलेजात गेलो. घसा बसलाय, असं खुणेनं सांगितलं. घसा ठणठणीत होता. भित्रा मी होतो.

प्राचार्य हवालदिल. मग मीच, घोगरा आवाज काढून, सुनंदाबाईंचं नाव सुचवलं. वनस्पतिशास्त्राच्या, नुकत्याच लागलेल्या, वर्गातही अडखळत बोलणाऱ्या. दिवस साहित्याचा होता, पण प्राचार्यांना आता कुठलाही विषय चालणार होता. "सर, मला नाही हो जमायचं," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी.

"जमेल," मी कुजबुजलो.

संध्याकाळी त्या उभ्या राहिल्या. पहिली वाक्यं अडकली. मग त्यांनी पडद्यावर आपल्या सड्याचा, गावाबाहेरच्या कातळपठाराचा, फोटो लावला — जांभ्या दगडावर पसरलेली सीतेची आसवं नावाची निळी-जांभळी फुलं — आणि सांगितलं, की हे एवढंसं रोप शिकार करतं. मातीखाली त्याच्या बारीक पिशव्या असतात. जीव आत खेचला की संपला.

अलोऱ्याहून आलेले एक काका उठले. "म्हणजे बाई, हे फूल मांसाहारी?"

"हो काका," त्या चटकन म्हणाल्या, "आणि सोमवार-गुरुवारसुद्धा पाळत नाही!"

हॉल हशानं दणाणला. मीही हसलो — खणखणीत, अख्ख्या आवाजात. त्या गदारोळात कुणाच्या लक्षात आलं नाही, एवढंच. बाई पुढेही अडखळल्या, पण अडखळल्या की लोक पुढे वाकून वाट बघायचे. दुसऱ्या सकाळी म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट अर्धा गाव त्यांच्यामागून सड्यावर, गुडघे टेकून फुलं बघतोय! मीही. पँट चिखलानं भरली, आणि इतका हलका मी कितीतरी वर्षांत झालो नव्हतो.

आता त्या पार हर्ण्यापर्यंत बोलायला जातात. परवा त्यांच्या सत्कारात म्हणाल्या, "सरांचा घसा बसला, म्हणून माझा मोकळा झाला. त्यांनी माझ्यातलं काहीतरी ओळखलं होतं." टाळ्या. मी हात जोडले. आनंदानं डोळे भरून आले माझे — तो आनंद तरी खोटा नव्हता.

पण मी काय ओळखलं होतं? घशाचं सांगून झालं, हे राहिलंय. त्या दिवशी चांगलं बोलू शकणारे दोघे-तिघे होते आमच्यात. त्यांची नावं मी घेतली नाहीत. बाई अडखळतील, लोक चुळबुळतील, आणि घरी जाताना म्हणतील, 'सर हवे होते' — म्हणून मी त्यांना पुढे केलं. त्यांची फजिती व्हावी, हेच मला हवं होतं.