कलबुर्गीत नडलेला ‘कामून’

बिदरच्या मैलूरमधून कलबुर्गीला जाणं म्हणजे काय प्रवास आहे का, असं नवरा म्हणाला. पण मला जायचंच होतं. आमच्या कॉलेजने एका परदेशी विद्यापीठाशी करार केलाय. दोघांचा मिळून जो अभ्यासक्रम सुरू होणार, तो शिकवायला आमच्यातलं एकच माणूस निवडणार होते, आणि निवडीचा पाठ कलबुर्गीत घ्यायचा होता. ते माणूस मीच असावं, अशी फार इच्छा होती.

सोबत सुवर्णाक्का, आमच्या कन्नडच्या वडीलधाऱ्या प्राध्यापिका. हुमनाबादमार्गे साधी बस धरली. बायांनो, कर्नाटकातल्या पत्त्याचं आधार कार्ड जवळ ठेवा, तिकीट पडत नाही. कलबुर्गीत स्टँडजवळच्या खानावळीत कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगाची चटणी जरूर खा.

दुपारी माझा पाठ. समोर तिथली पोरं, मागच्या बाकावर निवड करायला त्या परदेशी विद्यापीठातून आलेल्या हेलन मॅडम. शिकवायचं इंग्रजीत, पण पोरं गप्प बसली की माझी मराठी निसटते. काळ्या मातीत तूर एवढी चांगली का येते, असं विचारलं. “कामून? सांगा की. कामून?”

मॅडमनी पाठ संपल्यावर सांगितलं, “विषय छान मांडलात. पण मुलांच्या मागे सारखं ‘कम ऑन, कम ऑन’ लावता. त्यांना विचार करू द्या.”

मी चक्रावले. बाहेर येऊन म्हटलं, “आक्का, मी कवा कम ऑन म्हनले? आन तुम्ही कामून हसायलाव?”

“हेच की गं! तुझं कामून त्या बाईला कम ऑन ऐकू आलं.”

तशीच आत गेले आणि ‘कामून’ म्हणजे ‘का’, हे समजावलं. मॅडम खळखळून हसल्या, माफीही मागितली. मग म्हणाल्या, “बरं, ‘का’ विचारून तुम्ही किती वेळ थांबलात?”

मला आठवेना. मी शब्द जुळवत राहिले, त्या उत्तराची वाट बघत नुसत्या शांत बसून राहिल्या. चूक त्यांच्या कानांची की माझी, याचा पुरता गोंधळ झाला.

निवड माझीच झाली. आनंद तर आहेच, पण तो गोंधळही घरापर्यंत आला. सोमवारी बिदरच्या वर्गात “कामून?” विचारलं आणि हेलन मॅडमसारखी तोंड मिटून उभी राहिले. मी हसरा चेहरा ठेवून थांबलेली. शेवटी पुढच्या बाकावरची एक मुलगी घाबरत उठली.

“मॅडम, कामून रागावलाव? काय चुकलं आमचं?”