बंद राहण्याची मजुरी

माझ्या लहानपणी अकोल्यात सगळ्यात फायद्यात चाललेला कारखाना म्हणजे आमच्या घराजवळचा बंद जिन. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहिते आहे.

जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना. दिवाळी सरली की त्याचा भोंगा वाजायचा, गाड्यांची रांग लागायची आणि आसपासच्या वस्तीतल्या बाया रेच्यांवर, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांवर, कापूस घालायला यायच्या. संध्याकाळी त्या बाहेर पडायच्या तेव्हा त्यांच्या भुवयाही पांढऱ्या झालेल्या असायच्या. फाटकासमोर निंबाखाली माझी माय वांगी, मेथी, मिरच्या मांडून बसलेली असे. मोर्णा नदीच्या काठी आमचा छोटासा मळा होता. बाबा पिकवायचे, माय विकायची. आमची चूल त्या बायांच्या मजुरीवर पेटते, हे मला कळत नव्हतं. मायला पक्कं ठाऊक होतं.

एका वर्षी दिवाळी झाली, कापूस घरात आला, पण भोंगा काही वाजला नाही. फाटकाला कुलूप. बाया रोज यायच्या, कुलूप बघायच्या आणि परत जायच्या. शेवटी मायनं तिथल्या म्हाताऱ्या चौकीदारचाचांना गाठलं.

"काहून चाचा, मालक बुडाला का?"

"बुडते कायले, भाभी? मजेत हाये. गावात जिन झाले ढेर. एकानं सरकी काढाचा भाव पाडला का दुसरा पाडते. मंग सगळ्या मालकाईनं बसून ठरवलं, अर्धे जिन चालू, अर्धे बंद. चालू असन त्यानं भाव वाढवाचा, आन बंद असन त्याले त्याचा हिस्सा घरपोच."

"म्हंजे बंद राहाचे पैसे भेटते?"

"आन काय! कोयसा नाई, तेल नाई, कटकट नाई."

"मंग बायाईले किती भेटते?"

चाचा खो खो हसले. "बाया काय जिन हाये का, भाभी?"

या बंद जिनाचे मालक त्याच्या आदल्या वर्षी आमच्या शाळेत बक्षीस वाटायला आले होते. चढाओढीमुळेच माणूस पुढे जातो, बाजारात कुणी हात घालू नये, ज्याच्या अंगात जोर असेल तो टिकेल, असं बरंच काही बोलले. आम्ही मुलींनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, कारण भाषणानंतर पेढे होते.

बायांची मजुरी गेली, तसं निंबाखालचं गिऱ्हाईकही गेलं. माय टोपली घेऊन आठवडी बाजारात जाऊ लागली. विहिरीच्या कोपऱ्यावर तिला जेमतेम बूड टेकण्यापुरती जागा मिळाली. आता आमचं सगळं त्या जागेवर होतं. तिथे वांगी विकणाऱ्या सगळ्या आमच्याच नात्यागोत्यातल्या, त्यात माझी सख्खी काकूही. सकाळी एकमेकींना तंबाखूची चिमूट द्यायच्या आणि दुपारी एकमेकींचं गिऱ्हाईक ओढायच्या. दिवस कलला की वांगी जवळजवळ फुकट जायची, कारण शिळं वांगं कोण घेणार?

मायच्या डोक्यात जिनाचं कुलूप घर करून बसलं होतं. एके दिवशी तिनं सगळ्यांना विहिरीपाशी गोळा केलं. "आपण बी बंद राहू," ती म्हणाली. "अर्ध्याईनं बसाचं, अर्ध्याईनं घरी राहाचं. भाव एकच. आलेला पैसा सारखा वाटून घ्याचा." बायांना वाटलं हिला ऊन लागलं. पण मालकांचं उदाहरण समोर होतं, आणि शहाणे लोक करतात ते चूक कसं असेल?

आणि खरंच, जमलं की! पहिल्याच बाजारी भाव चढला. घरी बसलेल्या काकूलाही हिस्सा पोचला तेव्हा ती रडायचीच बाकी होती. अडचण एकच होती. जिनाला कुलूप लावलं की जिन गप्प बसतो. वांग्याच्या झाडाला करार कळत नाही. ते वांगी धरतच राहिलं. आमच्या म्हशीनं त्या हिवाळ्यात इतकी वांगी खाल्ली की पुढे पुढे ती टोपली बघून तोंड फिरवायची.

अशात मालकांच्या बंगल्यावर पंगत ठरली. जिनांचा करार सुरळीत चालला म्हणून गावोगावचे मालक यायचे होते, अमरावतीहूनसुद्धा. वऱ्हाडात पंगत म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. मालकांचा स्वयंपाकी बाजारात आला, भाव ऐकून परत गेला आणि मालकांनाच घेऊन आला.

"काय वो बाई, हे काय लावलं? बाकीच्या कुठं गेल्या?"

"घरी हायेत जी. बंद हायेत."

"आन त्याईची वांगी?"

"म्हैस खाते."

"अशी टोळी करून गरिबाईले लुटता? लाज नाई वाटत?"

"तुमच्या जिनापासूनच शिकलो जी, मालक."

"ते अलग हाये," मालक म्हणाले. "त्याले व्यवस्था म्हणतात."

पुढच्या बाजारी, बसायच्या जागांची वसुली करणारा ठेकेदार शिपाई घेऊन आला. भाव बांधणाऱ्या बाईची जागा जाईल, असं त्यानं ओरडून सांगितलं आणि नमुना म्हणून मायची टोपली उचलून रस्त्यावर ठेवली. कोपरा त्याच दिवशी दुसरीला दिला. बाकीच्या घाबरल्या. दुपारपर्यंत सगळ्या पुन्हा बसल्या होत्या, आणि सगळ्यात आधी भाव पाडला तो काकूनं. तिच्या घरात चार खाणारी तोंडं होती, मी तिला बोल लावत नाही. ठेकेदाराला मात्र मी आजही माफ केलेलं नाही. जागा गेली म्हणून आमची वांगीही काकूच्याच टोपलीतून, मिळेल त्या भावानं गेली. स्वयंपाक्यानं ती पोत्यानं उचलली.

पंगतीच्या दिवशी माय बंगल्याच्या मागच्या दारी गेली. मी तिचा पदर धरून होते. मालक पाहुण्यांना आग्रह करत फिरत होते. मायनं हात जोडले.

"मालक, तुमचा जिन बंद, त्याचे पैसे तुमाले भेटते. आता मले बी तुमी बंद केलं. माहे पैसे कोण देते?"

सगळी पंगत हसली. एका पाहुण्याला तर ठसका लागला. मालक खूश झाले. अशी गंमत पैसे देऊनही मिळत नाही. "बाईले ताट द्या रे," ते म्हणाले, "भरून द्या!"

माय तिथे जेवली नाही. ताट पदराखाली झाकून तिनं घरी आणलं आणि आमच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती गावाच्या पलीकडच्या चालू जिनावर, रेच्यावर कापूस घालायला जाणार होती, हे तिनं बाबांना तेव्हाच सांगितलं. आम्ही भावंडांनी ताट चाटूनपुसून साफ केलं.

वांगी आमच्याच मळ्यातली होती. भाजी फार सुरेख झाली होती. त्याचाच मला अजून राग येतो.